सारंगांची दीपगृहं

मुळशी धरणाभोवती सहा दीपगृहं आहेत, असं माझ्या घरमालकांनी मला सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात दुसरी खोली शोधायला लागले होते. समुद्र राहिला घाटाखाली कोकणात. इथल्या गोड्या पाण्याला दीपगृह कशाला लागतंय? पण माणूस अगदी गंभीरपणे सांगत होता आणि सांगता सांगता कंदिलाची काच राखेनं घासत होता. पडवीत असे सहा कंदील ओळीनं टांगलेले होते. मी नवी भाडेकरू, त्यात एकटी बाई. ‘हो का?’ म्हटलं आणि सामान लावायला लागले.

माझी नोकरी हिंजवडीत आणि खोली भरे गावात, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. ही सवय ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. त्यामुळे पहिल्या महिनाभरात मी घरमालकांच्या चुकांची एक यादीच मनाशी तयार केली होती.

गाव त्यांना सारंग म्हणायचं. लाँच चालवतो तो सारंग. धरणाच्या पलीकडच्या वाड्यांना रस्ते नव्हते, तेव्हा बाजार, लग्न, दवाखाना सगळं लाँचनंच व्हायचं, आणि ती लाँच हे चालवत. मग रस्ते झाले, लाँच बंद पडली, सारंग जमिनीवर आले. आले म्हणजे नुसते शरीरानं. जिन्याला ते शिडी म्हणत. स्कूटर सुरू करायच्या आधी रिकाम्या अंगणात दोनदा हॉर्न वाजवत. उजवं-डावं त्यांच्या बोलण्यात नव्हतंच, ‘धरणाच्या अंगाला’ आणि ‘घाटाच्या अंगाला’ एवढ्या दोनच दिशा. माझं पार्सल घेऊन आलेल्या एका माणसाला त्यांनी फोनवर ‘शाळेपासनं घाटाच्या अंगाला वळ’ असं सांगितलं. तो अर्ध्या तासानं पौडहून फोन करून रडकुंडीला आला.

मोजणीही त्यांची वेगळीच. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची जुनी रीत आहे. सारंग माणसंही तशीच मोजत. लाँचवर चढणाऱ्यांना ‘लाभ, दोन, तीन’ करत आत घ्यायचे, ते पुढेही कायम राहिलं. लग्नाच्या पंगतीत बसले की समोरची रांग मोजून होई. बरं, एकदा मोजून भागत नसे. सगळं दोनदा. कुलूप दोनदा ओढायचं, गॅस दोनदा बघायचा, माणसं दोनदा मोजायची. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, “काका, तुम्ही आमच्या ऑफिसात पाहिजे होता.”

“येकदा बघून काय कळतंय, पोरी,” ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

श्रावणातली एक संध्याकाळ मला अजून आठवते. धुकं इतकं दाट होतं की कंपनीच्या कॅबवाल्यानं मला गल्लीच्या तोंडाशीच सोडलं. फोनचा टॉर्च लावून, हात हलवत मी चिखलातून चालले होते. समोर घर आहे हे मला माहीत होतं, पण दिसत काहीच नव्हतं. अचानक धुक्यात एक उजेड पेटला, विझला, पुन्हा पेटला, पुन्हा विझला. माझे पायच थबकले. जवळ गेले तर सारंग फाटकाशी बॅटरी घेऊन उभे.

“हे काय केलंत?”

“उत्तर दिलं.”

“कशाचं?”

“हालता दिवा दिसला की दोनदा उजेड दावायचा. बघितलंय, येतोय, आसं. न्हाईतर समोरच्याला कसं कळावं?”

“अहो, मी नुसती चालत होते.”

“त्ये जवळ आल्यावर कळतं,” म्हणाले आणि फाटक लावलं. दोनदा ओढून पाहिलं.

आमच्या टीमच्या वार्षिक सहलीसाठी जागा शोधत होतो, तेव्हा मी गंमत म्हणून सारंगांच्या दीपगृहांचं नाव काढलं. दरवर्षी श्रावणात ते कुणाला ना कुणाला गोळा करून धरणाभोवती फिरवतात, हे मला ठाऊक झालं होतं. भजनी मंडळ, सोसायटीतले निवृत्त लोक, पिरंगुटच्या कारखान्यातले कामगार, कुणीही चाले. फक्त माणसं भरपूर हवीत आणि डोळे चांगले हवेत, एवढीच अट. रिसॉर्टला कंटाळलेले आमचे लोक लगेच तयार झाले. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. मला धरून आम्ही अकरा जण, ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरशेजारी सारंग. दाराजवळची एक सीट त्यांनी मोकळी ठेवायला लावली. आमच्यातल्या एकानं तिथे बॅग टाकली, तर त्यांनी ती उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

पहिलं दीपगृह म्हणजे फणसाच्या झाडात ठोकलेला एक लोखंडी आकडा. आम्ही त्याच्या खालीच उभे होतो आणि आमच्यातली एक जण विचारत होती, “काका, लाइटहाऊस कुठेय?”

“ह्ये काय,” सारंग वर बोट दाखवून म्हणाले.

सगळे खो खो हसले. मीही हसले. पण मग नीट बघितलं तर तो आकडा बाहेरून गंजलेला आणि आतून घासून घासून गुळगुळीत झालेला होता. दुसरं दीपगृह पडक्या भिंतीतली खुंटी. तिसरं एका घराची ओसरी, तिथे एक म्हातारी अजून राहत होती. “हिचा कंदील कायम काजळी धरायचा,” सारंग तिच्या तोंडावर म्हणाले, “पन कदी चुकला न्हाई.” म्हातारी लाजली. एवढंच होतं ते सगळं. पावसाळ्यात, धुक्यात लाँच परत यायची, तेव्हा काठावरची सहा घरं आपापला कंदील बाहेर टांगत, आणि त्या दिव्यांच्या धोरणानं सारंग लाँच आणत. स्थिर दिवा म्हणजे इथे काठ आहे. कुणी आजारी असलं, तातडीनं न्यायचं असलं, की तोच दिवा हातात धरून हलवायचा. लाँचवरून दोनदा उजेड दाखवला की समजायचं, येतोय.

सहावं दीपगृह लाँचच्या जुन्या धक्क्यावर, चाचींच्या दुकानात. चाचींचे मालक होते तेव्हापासूनचं ते चहा-भज्यांचं दुकान. सत्तरीच्या चाची डोक्यावरचा पदर सावरत कढईपुढे बसलेल्या असत. पाच वाजले की सारंग सगळ्यांना दुकानातून बाहेर काढत आणि पाण्याकडे तोंड करून पायऱ्यांवर उभं करत.

“समोर बगा. दिवा दिसतोय का? काठावर हाय का पान्यावर?”

पहिल्या वर्षी आभाळ चक्क उघडलं होतं. पलीकडच्या काठावर जांभळाखाली कुणीतरी बाई भर उजेडात कंदील हलवत होती. सगळे एका सुरात ओरडले, “काठावर!” सारंगांचा चेहरा पडला. त्यांनी बॅटरी काढून पाण्याच्या दिशेनं दोनदा उजेड दाखवला आणि गाडीत जाऊन बसले. आमच्या लोकांना वाटलं, म्हातारा जरा सटकलेला आहे. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षी उलट. धुकं इतकं की पायऱ्याही दिसेनात. सारंग तरी तासभर तिथे भिजत उभे राहिले. मी चाचींजवळ चुलीच्या उबेला बसले होते. विचारलं, “हे काय आहे हो सगळं?”

चाचींनी कढईतली भजी काढली आणि मग बोलायला लागल्या.

“लई वर्सं झाली. आसंच धुकं व्हतं. पलीकडं डोंगरातल्या वाडीवरची बाई, पयलटकरीन. आडली व्हती. कांबळ्याच्या झोळीत घालून काठावर आनली तिला, लाँचनं हितं आनून पुढं पौडच्या दवाखान्यात न्यायची म्हनून. तिचा मालक जांभळाखाली कंदील हालवत हुबा. ह्यो आठ मानसं घिऊन मदी पान्यात व्हता. ह्याला दिवा दिसला. पन काठावर न्हाई, पान्यावर दिसला.”

“मग?”

“मग काय? आगं, धरान झालं तवा खाली गाव बुडालं. देवळाम्होरची दीपमाळ बी बुडाली. धुक्यात तिचा दिवा पान्यावर दिसतो म्हनत्यात. ह्याच्या आदीचं जुनं सारंग ह्याला सांगायचं, त्यो दिवा हालत न्हाई, जागच्या जागी आसतो. पन हालतोय का न्हाई त्ये बघत बसायचं न्हाई. येकदा दिसला की पाठ फिरवायची. दुसऱ्यांदा बघितलं की नाव त्याच्याकडं वढली जाती, खडकावर जाती. ह्यानं तसंच केलं. पाठ फिरवली. आठ मानसं सुखरूप आनली हितं. ह्याच बाकड्यावर बसून च्या प्याला.”

“आणि ती बाई?”

“लेक जगली. ती बाई ऱ्हायली काठावरच, वाट बघत.”

मी बाहेर पाहिलं. धुक्यात सारंगांची नुसती छत्री दिसत होती.

“त्याला येवडंच पायजे,” चाची म्हणाल्या. “त्यो दिवा कुटला व्हता. पान्यातला आसंल तर ह्याचा काय दोष? काठावरला आसंल तर...” त्यांनी पुढचा घाणा कढईत सोडला. “डोळ्यात मोती पडलाय त्याच्या. त्याला लांबचं दिसत न्हाई. म्हनून तुमची येवडी गर्दी आनतो. तसलंच धुकं पडावं, पलीकडनं कंदील हालवावा, आन हितनं कुनीतरी सांगावं, कुटं दिसतोय.”

मला आधी राग आला. आम्हाला सहलीला म्हणून आणलं आणि साक्षीला उभं केलं. मग माझीच लाज वाटली. चुका शोधायचा पगार घेणारी मी. हा माणूस इतकी वर्षं एकच चूक शोधत होता, आणि ती आपली आहे की नाही एवढंच त्याला कळायला हवं होतं.

पलीकडून कंदील हलवायची ती जगलेली लेक. ती आता तिकडच्या गावात आशाताई आहे, गरोदर बायांना वेळेवर दवाखान्यात पोचवायचं तिचं काम. सारंगांना ती मामा म्हणायची. दिवाळीला साडी न्यायला भऱ्यात यायची, माहेरी आल्यासारखी दोन दिवस राहायची. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मी तिला विचारलं, हे सगळं तुला कुणी सांगितलं?

“मामानंच. न सांगता बी चाललं आसतं, कुनाला कळनार व्हतं? पन म्हनला, तुला ठावं पायजे.” तिनं पिळलेली साडी झटकली. “मला आई आठवत न्हाई. कशी आठवंल? मामानं तर तिला बघितलं बी न्हाई, तरी त्यालाच ती जास्त आठवती.”

सारंग आता नाहीत. मी भरे सोडून पुण्यात राहायला आले, त्याच्या पुढच्या थंडीत ते गेले. शेवटी त्यांनी पडवीतला एकेक कंदील ज्याच्या त्याच्या घरी पोचता केला म्हणे. ज्यांची घरं उरली नव्हती त्यांचे दोन राहिले, त्यातला एक माझ्याकडे आहे. पण ते गेले त्याबद्दल मला लिहायचं नाही. मला लिहायचंय ते तिसऱ्या वर्षाबद्दल. त्या वर्षी गाडीत असलेल्या आम्ही अकरा जणांनी त्यानंतर कधी एकमेकांशी त्याविषयी बोलणं काढलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत कुणी मुळशी म्हटलं तरी विषय बदलतो.

त्या दिवशी धुकं पाहिजे तसं होतं. पायऱ्या दिसत होत्या, पाण्याचा हातभर पट्टा दिसत होता, पुढे सगळं पांढरं. पाचाला दहा कमी होते. आम्ही भजी खात होतो. आमच्यातली एक जण, हीच ती पहिल्या वर्षी आकड्याखाली उभी राहून लाइटहाऊस शोधणारी, दाराशी उभी होती. ती म्हणाली, “काका, आज लवकर लावला दिवा.”

सारंग उठले. आम्ही सगळे बाहेर आलो.

दिवा होता. पिवळा, लहान. काठ तर कुठे दिसतच नव्हता.

“कुटं हाय?” सारंगांनी विचारलं. “नीट बगा. दोनदा बगा.”

“पाण्यावर,” कुणीतरी म्हणालं. मग दुसरा. मग सगळेच. मीही पाहिलं, डोळे मिटून उघडून परत पाहिलं. पाण्यावर. फार लांबही नाही.

“आन हालतोय का?”

मग मी म्हटलं, “हलतोय, काका.”

धुक्यात काठ दिसत नाही म्हणून काठावरचा दिवा पाण्यावर वाटतो, हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि त्यांच्याही आलं असणार. म्हणजे ती बाई अडली होती त्या दिवशीचा दिवाही काठावरचाच. त्यांचे खांदे एकदम उतरले. इतकी वर्षं जे उत्तर यायला नको होतं तेच आलं होतं आणि ते मी दिलं होतं. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडच्या त्या लेकीचा होता. सारंगांना फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून ती मलाच करायची.

“ताई, मामाला सांगा, उशीर हुतोय. वाटंत दरड आलीया, फिरून यावं लागतंय. आजून अर्दा तास तरी लागंल.”

“अगं, दिवा तर दिसतोय.”

“कसला दिवा? कंदील माझ्या पिशवीत हाय. काडी बी लावली न्हाई आजून.”

मी समोर पाहिलं. तो हलतच होता. या बाजूनं त्या बाजूला, सावकाश, दमलेल्या हातानं हलवावा तसा.

सांगू की नको, असं मला क्षणभर वाटलं. पण मग विचार केला, याच्यासाठी तर जीव टाकत होते. काठावर कुणीच नाही. म्हणजे पाण्यातला दिवा असतो, त्यांच्या आधीच्या जुन्या सारंगांचं खरं होतं, म्हणजे हे सुटले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. “काका, तो तिचा नाही. काठावर कुणीच नाहीये. तुमचा दोष नव्हता.”

त्यांच्या तोंडावर सुटल्याचं काहीच दिसलं नाही. ते पाण्याकडेच बघत होते.

“दीपमाळंचा दिवा हालत न्हाई,” ते म्हणाले. “ह्यो हालतोय. मंजी ती आजून थांबलीया.”

माझ्या हातातला फोन त्यांनी घेतला आणि त्यात मोठ्यानं बोलले, “आगं, तू जा घरी माघारी. आज तू नगं येऊ. मी घेतो तिला.”

मग ती म्हणाली, “बरं, मामा,” आणि फोन ठेवला. हे मलाही ऐकू आलं, इतकं सगळं शांत होतं.

सारंगांनी ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर बिहारकडचा, गाडीत बसून होता. त्याला खुणेनंच गाडी वळवायला सांगितली, तोंड पाण्याकडे. “लाइट. दोन बार.” त्यानं हेडलाइट लावले, बंद केले. पुन्हा लावले, बंद केले.

दिवा हलायचा थांबला.

मग तो दिसेनासा झाला. सारंग चप्पल काढून पायऱ्या उतरले, शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चाची दारात येऊन उभ्या होत्या, चुलीवरचं तेल जळत होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. सारंगांनी हात पुढे केला, लाँचवरून उतरणाऱ्या बायाबापड्यांना देत असतील तसा.

“हळू. शेवाळ हाय. धर.”

पायऱ्या चढताना ते एका बाजूला झुकून चालत होते, भार घेतल्यासारखे. कुणी हसलं नाही. आम्ही दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी गाडीचं दार सरकवलं, मोकळ्या सीटपाशी जरा थांबले, मग आम्हाला म्हणाले, “बसा.” आम्ही बसलो. मी त्या सीटच्या बरोबर मागे होते. त्यांनी दारात उभं राहून मोजायला सुरुवात केली, त्या सीटपासून.

“लाभ, दोन, तीन...”

आम्ही अकरा होतो. त्यांनी बारा मोजले. पुन्हा मोजले, पुन्हा बारा. ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं आणि नजर रस्त्यावर वळवली. गाडीत रॉकेलचा वास येत होता. चुका शोधणं हे माझं काम आहे, पण पुढची सीट कोरडी आहे की ओली, ते मी हात लावून पाहिलं नाही.

पौडपर्यंत कुणी फोन काढला नाही. एवढा खड्ड्यांचा रस्ता, पण ड्रायव्हरनं गाडी अशी आणली की कुणाला धक्का लागू नये. मध्येच सारंग पुढून म्हणाले, “आलं, आलं. आता जवळ आलं.” ते आमच्यातल्या कुणासाठी नव्हतं.

सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली. अजून दिवेलागणच होती, आवारात दोन बाया डबे घेऊन चालल्या होत्या, आत ट्यूबलाइट लागल्या होत्या. सारंगांनी उतरून दार सरकवलं आणि बाजूला झाले.

“उतर, बाई. पौड आलं.”

ते तसेच उभे राहिले. दवाखान्याच्या दाराकडे बघत होते. मोती पडलेल्या त्या डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण त्यांची मान अगदी हळूहळू वळत गेली, फाटकापासून पायरीपर्यंत, पायरीपासून आतल्या उजेडापर्यंत. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, गाडीत डोकावले आणि आम्हाला मोजलं.

“लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, धा, अकरा.”

दुसऱ्यांदा मोजतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. त्यांनी दार लावून घेतलं.